उर्दू येते म्हणजे अरबी येतेच असे नाही
आखातात कापडाच्या आणि शिलाईच्या धंद्यात भाषेची अडचण कोठे येते व तिला कसे तोंड द्यावे

भिवंडी, मालेगावचा व्यापारी असो की रत्नागिरी, रायगडकडचा कारागीर असो, आखातात जाणाऱ्या आपल्या माणसाच्या मनात एक भरवसा असतो. आपल्याला उर्दू येते, लहानपणी नाझिरा कुराण झालेले आहे, अलिफ-बे ओळखीचे आहे, तेव्हा अरबी माणसाशी व्यवहार कठीण जाणार नाही. हा भरवसा अर्धा खरा आहे. उरलेल्या अर्ध्यामुळे पुष्कळांचे पैसे अडकतात, काहींची नोकरीही अडकते. म्हणून त्या अर्ध्याबद्दल जरा सविस्तर लिहीत आहे.

प्रथम खरा भाग पाहू. बर दुबईच्या कापड बाजारात किंवा देऱ्यात हिंदी-उर्दूवर दिवसभराचे काम निघते. याला इतिहास आहे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या आणि १९६६ पर्यंत दुबई, कतारमध्ये हाच रुपया चालत होता. मुंबईशी जहाजांचा राबता त्याच्याही आधीचा. त्यामुळे तेथील बोलीत आपले शब्द रुजले. सरळ जा म्हणताना ते 'सीदा' म्हणतात, जोड्याला 'जूती' म्हणतात, पंख्याला 'बानका'. कापडाच्या गाठीला आपण ताका म्हणतो, तेही 'ताका' म्हणतात. आणि यार्डाला तर चक्क 'वार' म्हणतात. भिवंडीच्या माणसाला हे ऐकून घरच्यासारखे वाटते.

पण ही सोय दुकानाच्या काउंटरपर्यंतच आहे. कागद अरबीत असतो, कचेरी अरबीत चालते. आणि रियाध, कुवेत किंवा सौदीच्या आतल्या शहरांतला जुना अरब गिऱ्हाईक स्वतःच्या बोलीतच बोलतो.

नाझिरा झालेल्या माणसाला वाटते की कागद वाचता येईल. मुसहफावर जेर, जबर, पेश दिलेले असतात. बिलावर, पाटीवर, करारावर ते नसतात. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तर दोन नुक्त्यांच्या जागी नुसती आडवी रेघ आणि तीन नुक्त्यांच्या जागी टोपी काढतात. अक्षरे ओळखूनही शब्द लागत नाही, आणि लागला तरी अर्थ उर्दूचा लावला जातो.

उच्चाराचेही तसेच. अरबीत प, च, ट, ड हे आवाज नाहीत. पॉलिस्टरचे 'बूलिस्तर' होते, पाकिस्तानचे 'बाकिस्तान'. उलट आखाती बोलीत काही ठिकाणी काफचा 'च' होतो, मोठ्या काफचा 'ग' होतो, जीमचा 'य' होतो. कहवा म्हणजे 'गहवा', दजाज म्हणजे कोंबडी, तिचे 'दियाय'. दुकानातला मुनीम कैरोचा असेल तर तो जीमला 'ग' म्हणेल. म्हणून एकाचे कळले आणि शेजारच्याचे कळले नाही, तर आपण मठ्ठ आहोत असे समजू नये. ते दोघे दोन ठिकाणचे असतात.

आता मुख्य मुद्दा. एकच शब्द दोन्ही भाषांत आहे, पण अर्थ निराळा. मुळीच न येणाऱ्या शब्दाला माणूस विचारतो तरी. ओळखीच्या शब्दाला कोणी विचारत नाही, आणि तेथेच घात होतो.

'रकम' घ्या. आपल्याकडे रक्कम म्हणजे पैसे. अरबीत रकम म्हणजे नंबर. तुम्ही रकम विचाराल तर समोरचा फोन नंबर सांगेल. रक्कम विचारायची तर 'मब्लग' म्हणावे. 'माल' म्हणजे त्यांच्याकडे पैसा, संपत्ती. आपल्या अर्थाचा माल म्हणजे 'बदाआ'. 'तकलीफ' या शब्दाचे अनेकवचन 'तकालीफ' बिलात दिसले तर कोणाला त्रास झाला असे समजू नका. तो खर्च आहे. 'जहाज' म्हणजे यंत्र, उपकरण. माल जहाजावर चढला का हे विचारायचे असेल तर 'सफीना' किंवा 'बाखिरा' म्हणावे लागते.

'वसूल'ने तर मोठा गोंधळ होतो. मराठीत आणि उर्दूत वसूल झाले म्हणजे पैसे हातात आले. अरबीत वुसूल म्हणजे पोहोचणे. विमानतळावर उतरणाऱ्यांच्या दारावर हाच शब्द लिहिलेला असतो. मोबाईलवर 'वसल' असा निरोप आला तर त्याचा अर्थ माल पोहोचला, एवढाच. पैसे बँकेत भरले असा त्याचा अर्थ नाही. पैशांबद्दल बोलायचे तर 'दफअ' म्हणजे भरणा, आणि 'तहवील' किंवा 'हवाला' म्हणजे पैसे पाठवणे. हवाला शब्दाने दचकू नका. आपल्याकडे तो बेकायदा व्यवहाराचा शब्द झाला. तेथे परवानाधारक एक्स्चेंजच्या काउंटरवरही तोच लिहिलेला असतो.

पुढची जोडी अवश्य पाठ करावी. व्यापारी 'मुकद्दम' मागतो म्हणजे आगाऊ रक्कम मागतो. त्यात खटल्याचा काही संबंध नाही. पण 'महकमा'तून कागद आला असेल तर तो कुठल्या खात्यातून आलेला नाही, कोर्टातून आला आहे. उर्दूत मुकद्दमा म्हणजे खटला आणि महकमा म्हणजे सरकारी खाते, त्यामुळे आपला माणूस पहिल्याला भितो आणि दुसरा कागद खिशात घालून फिरतो. कोर्टाच्या कागदावर तारीख असते, ती थांबत नाही.

तशीच दुसरी अदलाबदल नोकरदारांच्या कामाची आहे. उर्दूत रुखसत म्हणजे रजा, इजाजत म्हणजे परवानगी. अरबीत 'रुखसा' म्हणजे परवाना, लायसन्स, आणि 'इजाजा' म्हणजे रजा. फोरमनला इजाजा मागितली तर तो समजेल की तुम्हाला सुट्टीवर जायचे आहे. आणि 'माफी'. मजुरांच्या तोडक्या अरबीत हा शब्द दिवसातून पन्नासदा कानावर पडतो. त्याचा क्षमेशी संबंध नाही. 'नाही' एवढाच अर्थ. 'फ्लूस माफी' म्हणजे पैसे नाहीत. कोणी कर्ज माफ केले असे समजून आनंद मानू नये.

(जाता जाता: सरबताच्या आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर 'शराब' लिहिलेले दिसते. अरबीत शराब म्हणजे पिण्याची कोणतीही वस्तू. दारूला ते 'खम्र' म्हणतात. नवीन गेलेली पोरे सरबत टाकून देतात.)

कापडाच्या बोलण्यात आपल्याला थोडा आधार आहे. कापड म्हणजे 'कुमाश', सुती 'कुत्न', रेशीम 'हरीर', लोकर 'सूफ', लिनन 'कत्तान'. पन्ह्याला उर्दूत अर्ज म्हणतात. तोच शब्द अरब 'अर्द' असा उच्चारतात. पण त्याच अर्दचा दुसरा अर्थ देऊ करणे असाही आहे. 'अर्द सिअर' म्हणजे कोटेशन, दरपत्रक. कोणी अर्द पाठवा म्हणाला तर पन्हा विचारतो की भाव, हे पुन्हा विचारून घ्यावे. अंकासोबत सेंटिमीटर किंवा इंच लिहून मागावे.

रंगाच्या नावावर कधीच ऑर्डर घेऊ नये. 'कुहली' हा शब्द कोहळ, म्हणजे सुरम्यावरून आला. आपल्याकडे सुरमई म्हटले की काळपट राखाडी डोळ्यांसमोर येतो. त्यांच्या बाजारात कुहली म्हणजे नेव्ही ब्लू. 'उन्नाबी' मात्र दोन्हीकडे जवळपास सारखा. 'सुक्करी' म्हणजे साखरेचा रंग, ऑफ व्हाइट. त्यात शंभर छटा निघतात. दोन तुकडे कापावेत, एक त्यांच्या कागदाला टाचावा, एक आपल्या. दोन्हीवर दोघांच्या सह्या व तारीख घ्याव्यात. मग भाषा कोणतीही असो, भांडण तुकड्यावरच मिटते.

शिलाईच्या कारागिरांनी दुकानावरील पाटी समजून घ्यावी. 'तफसील' म्हणजे येथे तपशील नाही. माप घेऊन शिवणे. शिंप्याला 'खय्यात', मापाला 'मकास', बाहीला 'कुम्म', गळपट्टीला 'याका', खिशाला 'जैब' म्हणतात. जेब म्हटले तरी समजेल. सैल म्हणजे 'वासिअ', घट्ट म्हणजे 'दय्यिक', लांब 'तवील', आखूड 'कसीर'. हे चार शब्द आले तर ट्रायलचे काम निभावते. पुरुषांच्या लांब झग्याला अमिरातीत 'कंदूरा', कुवेतमध्ये 'दिश्दाशा' आणि सौदीत 'सोब' म्हणतात. गळ्याची तऱ्हा देशादेशात वेगळी आहे. अमिरातीच्या कंदुऱ्याला पुढे लोंबता गोंडा असतो, सौदीच्या सोबला कॉलर असते. नाव एका देशाचे आणि शिलाई दुसऱ्याची झाली तर कपडा परत येतो.

आकड्यांकडे वळू. अरबी अंक उर्दूच्या अंकांसारखेच असतात हा समज चुकीचा आहे. चार, पाच आणि सहा यांची वळणे निराळी. अरबीतला पाच आपल्या मराठी शून्यासारखा गोल असतो आणि त्यांचे शून्य म्हणजे नुसते टिंब. अरबी सहा इंग्रजी सातासारखा दिसतो. मराठी शाळेत शिकलेल्या पोराने अरबी पन्नास वाचताना पाचाला शून्य समजले तर पुढचे सांगायला नको. दुबईत बहुतेक बिले आता इंग्रजी अंकांत असतात, पण हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या अजून अरबी अंकांत मिळतात. हे दहा अंक एका संध्याकाळी शिकता येतात.

बोलताना मात्र मराठी माणसाला सोपे जाते. पंचवीसला ते 'खमसा व इशरीन' म्हणतात, म्हणजे पाच आणि वीस; आपल्या पंचविसाचीही जडणघडण तशीच. पावणेदोनला 'पाव कमी दोन' अशाच रीतीने 'इत्नैन इल्ला रुबअ' म्हणतात. लाख-कोटी तेथे नाहीत. दीड लाख म्हणजे 'मिया व खमसीन अल्फ', एकशे पन्नास हजार. सौदा ठरताना आकडा कॅल्क्युलेटरवर टाकून समोर धरावा, शेजारी चलन लिहावे. यात कमीपणा नाही. जुने अरब व्यापारीही असेच करतात.

आता कागद. येथे विनोदाला जागा नाही.

सौदीत आणि अमिरातीत एक कागद असतो, 'सनद लि-अम्र'. उर्दूत सनद म्हणजे शिक्षणाचा किंवा कामाचा दाखला, त्यामुळे नाव ऐकून माणूस निर्धास्तपणे सही करतो. ती वचनचिठ्ठी आहे, प्रॉमिसरी नोट. त्यात लिहिलेली रक्कम देण्याचे तुम्ही कबूल करता आणि सौदीत तिच्या आधारे थेट वसुलीच्या कोर्टात जाता येते. उधारीवर माल घेताना, दुकान भाड्याने घेताना, कधी नोकरीवर ठेवतानाही असा कागद पुढे केला जातो. सनद, 'कम्ब्याला' म्हणजे हुंडी, किंवा 'शीक' म्हणजे चेक यांपैकी काही असेल तर रकमेची जागा कोरी ठेवून सही करू नये. चेकवर आकडा आणि अक्षरी रक्कम जुळली नाही तर अक्षरी रक्कम धरतात. ती अरबीत लिहिली असेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावी.

नोकरीच्या कराराला 'अक्द' म्हणतात. आपल्याकडे अक्द म्हणजे निकाह, तेथे कोणताही करार. करार दोन भाषांत असला आणि दोन्हींत फरक निघाला तर अरबी मजकूर ग्राह्य धरतात. म्हणजे इंग्रजी बाजूला पगार बरोबर दिसतो यावर थांबून चालत नाही. अमिरातीत १ जानेवारी २०१६ पासून कामगाराला नोकरीचा देकार अरबी व इंग्रजीबरोबर त्याला समजणाऱ्या भाषेत दाखवण्याची व्यवस्था झाली. ठरावीक भाषांच्या त्या यादीत मराठी नाही, पण उर्दू आणि हिंदी आहेत. जाण्यापूर्वी तो कागद उर्दूत किंवा हिंदीत मागून घ्यावा आणि त्याची प्रत घरी ठेवून जावी. अबुधाबीच्या कोर्टांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये कामगारांच्या दाव्यांसाठी अरबी व इंग्रजीनंतर हिंदी ही तिसरी भाषा मान्य केली. तेथे तक्रारीचा अर्ज हिंदीत मिळतो.

व्यापाऱ्यांसाठी आणखी एक. सौदीत कराचे बिल, म्हणजे 'फातूरा दरीबिय्या', अरबीत असावे लागते. शेजारी इंग्रजी असले तर चालते, पण नुसते इंग्रजी चालत नाही. तेथे मूल्यवर्धित कर २०१८ मध्ये पाच टक्क्यांनी सुरू झाला आणि जुलै २०२० पासून पंधरा टक्के झाला. बिलावरची 'दरीबा' ही ओळ या कराची. भाव ठरवताना कर धरून की वेगळा, हे विचारून घ्यावे.

मोबाईलच्या भाषांतराबद्दल आता सर्वजण विचारतात. छापील पाटी, औषधाचा डबा, सरकारी निरोप यांचा फोटो काढून अर्थ लावायला ते कामाचे आहे. हस्ताक्षर आणि आखाती बोलीतले आवाजी निरोप यांवर त्याचा भरवसा धरू नये. भावाचा, तारखेचा किंवा मालाच्या संख्येचा आवाजी निरोप आला तर तेवढे तरी लिहून पाठवा अशी विनंती करावी. सौदीच्या कागदावर हिजरी तारीख असेल तर शेजारी इंग्रजी तारीख लिहून घ्यावी, कारण हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते आणि 'एक वर्षाची मुदत' दहा-अकरा दिवस आधी संपते.

दुभाष्या न्यायचा तर आपला न्यावा, आणि त्याची मजुरी आपण द्यावी. समोरच्याच्या कचेरीतला मल्याळी किंवा पाकिस्तानी मुनीम कितीही गोड बोलला तरी पगार त्याला तिकडून मिळतो. कोर्टात द्यायचा कागद मात्र घरगुती भाषांतराने चालत नाही. अमिरातीत तो न्याय मंत्रालयाची मान्यता असलेल्या कायदेशीर भाषांतरकाराकडून, त्याच्या शिक्क्यासह लागतो. त्याचे पैसे पानावर मोजतात, म्हणून आधी कोणती पाने लागणार आहेत हे वकिलाला विचारून तेवढीच द्यावीत.