ड्रग्जचा मोठा मासा पंचनाम्यातून कसा निसटतो?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागात जे बोललो ते नेहमीप्रमाणे थोडं आवरून इथे देतोय.

‘नार्कोस’ पाहिली असेल तर कर्नल कारिलो आठवत असेल. पाब्लो एस्कोबारच्या मागे हात धुऊन लागलेला, कुणाला न घाबरणारा. हा माणूस मालिकेसाठी रचलेला आहे, पण त्याच्यामागे एक खरा अधिकारी होता, कर्नल ह्यूगो मार्टिनेझ. कोलंबियाच्या पोलिसांनी १९८९ मध्ये एस्कोबारला पकडायला ‘सर्च ब्लॉक’ नावाचं पथक उभं केलं, त्याचा हा प्रमुख. एस्कोबारने त्याला साठ लाख डॉलरची लाच देऊ केली होती. त्याने ती नाकारली आणि वरिष्ठांना कळवली. शेवटी २ डिसेंबर १९९३ ला मेडेयीनमध्ये एस्कोबार फोनवर स्वतःच्या मुलाशी बोलत होता, तेव्हा रेडिओ सिग्नलवरून त्याची जागा शोधली गेली. शोधणाऱ्या तुकडीत कर्नलचा स्वतःचा मुलगा होता. एस्कोबार छपरावर पळाला आणि तिथेच मारला गेला.

मालिका असती तर इथे संगीत वाजलं असतं. खऱ्या आयुष्यात कोकेन थांबलं नाही. धंदा काली शहरातल्या टोळीकडे सरकला. म्हणजे डॉन संपला, साखळी राहिली.

आता प्रश्न असा, की आपल्याकडे ही साखळी कशी पकडतात? आणि तत्त्वाला जागणारा अधिकारी म्हणजे नक्की काय करणारा अधिकारी?

गोवंडी ते अंकलेश्वर

२०२२ चं उदाहरण घेऊ. मार्च महिन्यात मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थ विरोधी कक्षाने गोवंडीच्या शिवाजीनगरात एका विक्रेत्याला पकडलं. त्याच्याकडे २५० ग्रॅम मेफेड्रोन होतं, म्हणजे ज्याला सगळे एमडी म्हणतात ते. इथे थांबता आलं असतं. पत्रकार परिषद, फोटो, विषय संपला.

कक्षाचे तेव्हाचे उपायुक्त दत्ता नलावडे होते. त्यांच्या वरळी युनिटने उलटा प्रवास सुरू केला. याला माल कुणी दिला? त्याला कुणी दिला? अशा पायऱ्या चढत ऑगस्टमध्ये ते नालासोपाऱ्यात पोहोचले आणि तिथे ७०१ किलो एमडी सापडलं. पोलिसांच्या अंदाजाने किंमत १,४०३ कोटी. मुख्य आरोपी रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिकलेला, असं पोलिसांनी सांगितलं. त्याच महिन्यात गुजरातमधल्या अंकलेश्वरच्या कारखान्यावर छापा पडला आणि आणखी ५१३ किलो मिळालं.

२५० ग्रॅमपासून बाराशे किलोंपर्यंत, साधारण साडेचार महिन्यांत. यात गोळीबार नाही, पाठलाग नाही. ‘याच्या वर कोण?’ हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलेला आहे.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडचा कायदा म्हणजे १९८५ चा एनडीपीएस. त्यात सगळं वजनावर चालतं. एमडी २ ग्रॅमपर्यंत असेल तर अल्प प्रमाण, ५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यावसायिक प्रमाण. व्यावसायिक असेल तर शिक्षा किमान १० वर्षं, कमाल २० वर्षं. जामीनही फार अवघड, कारण कलम ३७ खाली न्यायाधीशाला आधी वाटावं लागतं की हा माणूस दोषी नसावा.

आता गंमत बघा. नालासोपाऱ्यातला साठा ५० ग्रॅमच्या १४,०२० पट होता. तरी पहिल्या गुन्ह्याला शिक्षेची चौकट तीच, १० ते २० वर्षं. सॅकमध्ये साठ ग्रॅम घेऊन फिरणारा पोरगा आणि कारखाना चालवणारा, दोघं एकाच खणात.

कायदा इतका कडक आहे म्हणून पोलिसांवरही अटी तितक्याच कडक आहेत. मुख्य चार सांगतो.

पहिली, कलम ४२. टीप मिळाली की ती लिहून काढायची आणि ७२ तासांत वरिष्ठांना प्रत पाठवायची. दुसरी, कलम ५०. अंगझडती घेण्याआधी समोरच्याला सांगायचं, की तुला राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती देण्याचा हक्क आहे. हा हक्क अंगझडतीपुरता आहे, हातातल्या बॅगेला लागू होत नाही. तिसरी, कलम ५२ए. मालाची यादी आणि नमुने मॅजिस्ट्रेटसमोर करायचे. चौथी अट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोफान सिंग खटल्यात पक्की केली. तपास अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे लॉगसारखं दिसतं. सर्व्हरवर कोण कधी आलं, काय बदललं, याची नोंद नसेल तर ‘मी स्वतः पाहिलं’ याला काही किंमत नाही. इथेही तसंच. पुडी छाप्याच्या जागेतून पोलीस ठाण्याच्या मुद्देमालात, तिथून प्रयोगशाळेत, तिथून कोर्टात जाते. मधे एका टप्प्याची नोंद गहाळ झाली, सीलवर शंका आली, की बचावाचा वकील तिथेच बोट ठेवणार. आणि चांगला वकील कुणाला परवडतो? साठ ग्रॅमवाल्याला नाही. मोठा मासा जाळं फाडून जात नाही. पंचनाम्यात राहिलेल्या भोकातून जातो.

आपल्या दारातलं बंदर

आता आपल्या नवी मुंबईकडे येऊ. उरण रोडला ट्रेलरच्या रांगेत अडकलेल्यांना न्हावाशेवा काय आहे हे सांगायला नको. २०२३-२४ मध्ये या बंदरातून, वीस फुटी कंटेनरच्या मापात, ६४ लाखांहून जास्त कंटेनर गेले-आले. प्रत्येक उघडून बघणं शक्यच नाही.

जुलै २०२२ मध्ये पंजाब पोलिसांच्या माहितीवरून दुबईहून आलेला एक कंटेनर पनवेलजवळ तपासला गेला. आत संगमरवर. हेरॉइन मात्र कंटेनरच्या दरवाजाच्या लोखंडी चौकटीत भरलेलं होतं, ७२ किलोंच्या वर. सप्टेंबरच्या शेवटी वाशीत महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, आयात केलेल्या संत्र्यांचा ट्रक अडवला. संत्र्यांखाली १९८ किलो मेथ आणि ९ किलो कोकेन. पुढच्याच आठवड्यात न्हावाशेवाला पेअर आणि सफरचंदांच्या कंटेनरमध्ये ५० किलो कोकेन.

अशा प्रकरणात कागदावर नाव असतं आयातदाराचं, क्लिअरिंग एजंटचं, ड्रायव्हरचं. मालक कुठल्याच कागदावर नसतो. त्याच्यापर्यंत जायला पैशाचा माग काढावा लागतो. त्यासाठी कायद्यात कलम २७ए आहे. धंद्याला पैसा पुरवणाऱ्यालाही तीच १० ते २० वर्षं, त्याने मालाला कधी हात लावला नसला तरी. पण असा माग काढायला महिने जातात, आणि टीव्हीवर दाखवायला काही नसतं.

हे जमलं नाही तर काय होतं? इक्बाल मिर्ची. दाऊदचा साथीदार, मँड्रेक्सचा व्यापारी म्हणून नाव झालेला. १९९५ मध्ये लंडनमध्ये त्याला अटक झाली, पण भारताची प्रत्यार्पणाची मागणी तिथे टिकली नाही. २००४ मध्ये अमेरिकेने त्याला बड्या ड्रग तस्करांच्या यादीत टाकलं. तरी २०१३ मध्ये तो लंडनमध्येच मेला, भारतातल्या कोर्टासमोर उभा न राहता. त्याच्या वरळीतल्या मालमत्तांचे व्यवहार ईडी २०१९ मध्ये तपासत होती. माणूस गेल्यावर सहा वर्षांनी.

मग तत्त्व म्हणजे काय?

लाच नाकारणं हे आलंच. मार्टिनेझने ते केलं, आणि ते सोपं नव्हतं. पण त्याच्यापुढे आणखी दोन गोष्टी लागतात. पहिल्या अटकेवर न थांबणं, आणि घाई असतानाही एकही कागद न गाळणं. ‘एन्काउंटर करा, विषय संपवा’ अशी कमेंट करताना हे लक्षात असू द्या. मेलेला माणूस ‘याच्या वर कोण?’ याचं उत्तर देत नाही.

शिवाय हेच नियम तुमच्या-माझ्यासाठीही आहेत. रात्री पाम बीच रोडवर तुम्हाला कुणी अडवलं, तर तुमच्या खिशात नसलेली पुडी पंचनाम्यात येऊ नये, यासाठीच कलम ५० आणि पंच आहेत. जो अधिकारी मोठ्या माशासाठी नियम पाळतो, त्याच्या हातात छोटा माणूसही सुरक्षित असतो.

आणि मित्रांपैकी कुणी यात अडकलं असेल तर कलम ६४ए माहीत असू द्या. अल्प प्रमाण किंवा सेवनाचा गुन्हा असेल आणि व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण करायला तयार असेल, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. माहिती द्यायची असेल किंवा मदत हवी असेल तर ‘मानस’चा राष्ट्रीय क्रमांक १९३३. नाव गुप्त राहतं. सेव्ह करून ठेवा.

पुढच्या भागात भेटू. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा.