सायकलची सीट आणि आपले गुडघे

सायकलीने गुडघे झिजतात अशी पुष्कळांची समजूत आहे. गुडघा दुखू लागला की ते तेल चोळतात, पट्टा बांधतात आणि शेवटी सायकल सोडून देतात. पण पुष्कळ वेळा दोष सायकलीचा नसून सीटच्या उंचीचा असतो.

इंदूरची हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली. पाळीवर सायकलीने जाणारे कामगार गेले, मोटारसायकली आल्या. तरीही मजूर, चौकीदार, भाजीवाले आणि शाळेची मुले आजही सायकलच वापरतात. घरात सायकल एक आणि चालविणारे तिघे! दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट अगदी खाली बसविलेली असते. मग प्रत्येक फेरीला गुडघा फार दुमडतो, वाटीवर ताण येतो आणि जोरही वाया जातो.

सीट अशी लावावी :

1. सायकल भिंतीला टेकवून सीटवर बसा. पायडल अगदी खाली आणून त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ व्हावा. चालविताना मात्र पायडलवर चवडा ठेवावा, म्हणजे गुडघा किंचित वाकलेला राहतो.

2. कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल किंवा गुडघ्याच्या मागे दुखत असेल, तर सीट जास्त उंच झाली असे समजावे.

3. सीटची दांडी निदान अडीच इंच फ्रेममध्ये राहू द्या. कमी राहिल्यास ती मोडण्याचा धोका असतो.

4. सीट सपाट ठेवा. नाक खाली झुकले तर सारा भार मनगटांवर येतो आणि हात बधिर होतात.

5. हँडल सीटइतके किंवा थोडे वर असावे. जुन्या सळीच्या ब्रेकची सायकल असल्यास हँडल हलविल्यावर ब्रेक पुन्हा जुळवून घ्यावा. हे विसरू नये.

इंग्लंडमधील हॅम्ली व टॉमस यांनी 1967 साली एक हिशेब दिला. जांघेपासून जमिनीपर्यंतच्या मापाला 1.09 ने गुणावे. सर्वांत खाली असलेल्या पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढे अंतर असावे. माप 30 इंच असेल तर अंतर सुमारे पावणेतेहतीस इंच येते. टाचेच्या रीतीने साधारण याच्या जवळपासच उंची मिळते.

सवय नसेल तर सीट एकदम चढवू नका. आठवड्याला अर्धा इंच पुरे. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकावा. कॅरिअरवर पोते किंवा दुधाच्या कॅन असतील तर तोल महत्त्वाचा. तेव्हा सीट थोडी खाली असली तरी चालेल. घरातील प्रत्येकासाठी दांडीवर रंगाची खूण करून ठेवा. पाना फिरवायला दोन मिनिटे लागतात.

एवढे करूनही गुडघा सुजत असेल किंवा बसल्या जागी ठणकत असेल, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवा.