संगणक का कोसळतो : शोधाची पंचाहत्तर वर्षं

संगणक वारंवार बंद पडू लागला की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो : फॉरमॅट मारा. विंडोज नव्याने टाकलं जातं, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तोच निळा पडदा. मग खापर व्हायरसवर फुटतं. यंत्राचा एखादा भागच नादुरुस्त असेल, हा विचार सर्वांत शेवटी सुचतो. असं का होतं, हे गेल्या पंचाहत्तर वर्षांचा मागोवा घेतला की उमगतं : यंत्रातला दोष दशकागणिक दिसेनासा होत गेला.

सुरुवातीला तो हाताशी होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६०मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. अशा यंत्रात नळ्या जाणारच हे गृहीत असे. प्रश्न एवढाच, की कुठली आणि कधी. अमेरिकेत एमआयटीमध्ये व्हर्लविंड हे यंत्र उभारणाऱ्या इंजिनिअरांनी १९५०च्या सुमारास यावर उत्तर काढलं. नळी जाण्याची वाट बघत न बसता ते विद्युतदाब मुद्दाम वरखाली करून यंत्र चालवत. दुबळी नळी त्या ताणाखाली चुकायची आणि ऐन कामात दगा देण्याआधीच बदलली जायची. मुद्दाम ताण द्या, म्हणजे कच्चा दुवा स्वतःहून समोर येतो. ही युक्ती आजही तितकीच खरी आहे.

चिपा आल्या आणि दोष नजरेआड गेला. १९७८मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांना एका विचित्र चुकीचा छडा लागला. मेमरीतला एखादा बिट मधेच उलटायचा, पण चिप तपासली तर ती ठणठणीत. चिपच्या वेष्टनात अत्यल्प प्रमाणात असलेल्या किरणोत्सारी द्रव्यांतून अल्फा कण सुटत होते आणि साठवलेला विद्युतभार बिघडवत होते. सुटा भाग शाबूत असूनही यंत्र चुकू शकतं, हे तेव्हा पक्कं झालं.

यानंतरचा काळ आपल्या घरांत शिरलेल्या असेंबल्ड पीसींचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेली ही मशीनं. साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभर सदोष कॅपॅसिटरांनी मदरबोर्डांचा बळी घेतला. तेव्हा मात्र कॅबिनेट उघडून टॉर्च मारला की निदान डोळ्यांसमोर असे. प्रोसेसरशेजारी ओळीने उभे असलेले कॅपॅसिटर. डोकी सपाट हवीत, तर दोन-तीन फुगून घुमटासारखी झालेली. एखाद्याच्या डोक्यावरच्या खाचेतून तपकिरी द्रव झिरपून वाळलेला. आतलं रसायन सदोष असल्याने वायू तयार व्हायचा आणि डबी फुगायची. प्रोसेसरला मिळणारी वीज स्थिर राखणं हे त्यांचं काम. ते दुबळे झाले की पत्र टाइप करताना मशीन चालायचं, गेम सुरू केला की रीस्टार्ट व्हायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, गेमच्या सीडीतच व्हायरस असणार.

त्याच काळातला एक उपाय आजही दुकानांत चालतो. रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलकेच घासायच्या आणि पुन्हा घट्ट बसवायची. संपर्कावरची धूळ आणि थर निघाला की बरीच मशीनं खरोखर सुधारतात.

जे डोळ्यांना दिसत नव्हतं त्यासाठी प्रोग्रॅम आले. क्रिस ब्रॅडी यांचा मेमटेस्ट८६ मेमरीत ठरावीक नमुने लिहून ते जसेच्या तसे परत येतात का हे तपासू लागला. जॉर्ज वोल्टमन यांचा प्राइम९५ हा प्रोग्रॅम मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला. पण तो प्रोसेसरला इतकं राबवतो आणि उत्तर इतकं काटेकोर तपासतो, की कमजोर प्रोसेसर, अपुरा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा) किंवा वाळलेली थर्मल पेस्ट लगेच उघडी पडते. व्हर्लविंडवाल्यांची युक्ती घरोघरी पोहोचली ती अशी.

२०११मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या नोंदी अभ्यासल्या. हार्डवेअरच्या दोषाने एकदा कोसळलेलं मशीन पुन्हा कोसळण्याची शक्यता शंभर पटींपर्यंत वाढते, असं त्यात आढळलं. ‘एकदाच झालंय, जाऊ दे’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष लक्षात ठेवावा.

पुढचा टप्पा अधिक काळजीचा. २०२१मध्ये फेसबुकच्या इंजिनिअरांनी एका प्रोसेसरची गोष्ट मांडली. १.१चा ५३वा घात काढून त्याचा पूर्णांक घेतला तर १५६ यायला हवा. त्या प्रोसेसरचा एक कोर शून्य देत होता. क्रॅश नाही, इशारा नाही. आकार शून्य दिसल्याने फायली मात्र गहाळ होत होत्या. २०२४मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं प्रकरण गाजलं. गेम बंद पडताना पडद्यावर ग्राफिक्स मेमरी कमी पडल्याचा संदेश येई. लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली, ड्रायव्हर बदलले. दोष होता प्रोसेसरमध्ये. प्रमाणाबाहेर विद्युतदाब मिळाल्याने तो आतून झिजत होता. कंपनीने दुरुस्ती दिली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेला प्रोसेसर त्या दुरुस्तीने बरा होत नव्हता.

म्हणून कोसळणाऱ्या मशीनवर नुसतं चिडू नका. गुपचूप चुकीचं उत्तर देणाऱ्या मशीनपेक्षा ते बरं. काहीतरी बिघडलंय हे ते सांगतं तरी. स्वतःची चूक पकडून सुधारणारी मेमरी सर्व्हरमध्ये कधीच रुळली. घरच्या संगणकात मात्र ती आजही सहसा मिळत नाही. ग्राहकांनी ती मागायला हवी.

तोवर एवढं करा. आधी महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत काढा. कोणतं काम चालू असताना मशीन पडलं, ते वहीत लिहा. तापमान बघा, पंख्यांतली धूळ काढा, रात्रभर मेमरीची चाचणी लावा. ओळखीच्याचा चांगला एसएमपीएस लावून बघा. एका वेळी एकच भाग बदला, नाहीतर बरं कशाने झालं ते कळणार नाही. आणि फॉरमॅट मारायचाच असेल, तर हे सगळं झाल्यावर मारा.