स्नायूंच्या वाढीला वेसण कोणाची?

आपल्या रक्तात आयजीएफ नावाचं एक वृद्धिघटक प्रथिन असतं. घडण इन्सुलिनसारखी, आणि इन्सुलिनप्रमाणेच रक्तातली साखर उतरवण्याची ताकद. प्रमाण मात्र इन्सुलिनच्या शेकडो पट. ते सगळं मोकळं सुटलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरेल. तसं होत नाही, कारण जेमतेम एक टक्का आयजीएफ मोकळं असतं. बाकीचं सहा प्रकारच्या बंधक प्रथिनांनी धरून ठेवलेलं असतं. मोकळं आयजीएफ काही मिनिटांत नाहीसं होतं, बांधलेलं कित्येक तास टिकतं.

ही बंधक प्रथिनं म्हणजे निव्वळ पहारेकरी, असा समज बराच काळ होता. स्नायूंच्या अभ्यासाने तो मोडला, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

स्नायूचा तंतू मायोब्लास्ट या पेशींपासून बनतो. आधी त्या विभागून संख्येने वाढतात. मग विभाजन थांबवून एकमेकींत मिसळतात आणि लांब तंतू तयार होतो. विभागणं आणि तंतू होणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमत नाहीत. तरीही आयजीएफचा एक प्रकार, आयजीएफ-२, दोन्हींना चालना देतो. मग पेशीचा मार्ग ठरतो कसा?

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये याच्या उत्तराचा एक भाग शोधला. तंतू बनू लागताना त्या सहांपैकी पाचव्या क्रमांकाचं बंधक प्रथिन आधी वाढतं, आयजीएफ-२ नंतर. हे बंधक कमी केलं तेव्हा तंतू नीट बनेनात. बाहेरून आयजीएफ-२ घातल्यावर काम पुन्हा सुरू झालं. म्हणजे इथे बंधक आयजीएफ-२ला अडवत नाही. ते त्याची पेशीवरच्या ग्राहीशी, म्हणजे संदेश घेणाऱ्या प्रथिनाशी, गाठ घालून देतं. त्या संदेशामुळे पेशी आणखी आयजीएफ-२ बनवते.

पण हेच प्रथिन उंदरांच्या शरीरभर भरमसाट तयार करवलं, तेव्हा उंदीर खुरटले आणि त्यांचे स्नायूही कमी भरले. प्रथिन तेच, पण ते किती, कुठे आणि केव्हा यानुसार परिणाम उलटा झाला.

तरीही स्नायू वाढवण्यासाठी शरीरसौष्ठवाच्या काळ्या बाजारात आज या बंधकांना चुकवणारं, मुद्दाम बदललेलं आयजीएफही विकलं जातं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने आयजीएफवर बंदी घातली आहे. व्यायामशाळेत कोणी असं इंजेक्शन पुढे केलं, तर तरुणांनो, ते घेऊ नका.