लाखोळी : बांधीतली डाळ, पायांतला लकवा

लाखोळी हे धान उभे असतानाच बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, पेरले जाणारे कडधान्य आहे. पूर्व विदर्भात तिला लाख, लाखोळी किंवा लाखोरी म्हणतात, छत्तीसगडात तिवरा, उत्तर भारतात आणि बंगालात खेसारी. वनस्पतिशास्त्रातले तिचे नाव लॅथायरस सटायव्हस. दाण्यात सुमारे २८ टक्के प्रथिने असतात. ती नांगरट मागत नाही, खत मागत नाही, वरून पाणी मागत नाही. मात्र याच दाण्यात मज्जासंस्थेला घातक असे एक अमिनो आम्लही असते. महिनोन्‌महिने लाखोळीवरच पोट भरणाऱ्या माणसाचे पाय त्यामुळे कायमचे ताठ होतात. या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. १९६१ साली या डाळीच्या विक्रीवर देशात बंदीचा नियम झाला, तरीही पूर्व विदर्भाच्या बांधीतून ती गेलेली नाही. ती का टिकली आणि आजार का ओसरला, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शेताइतकीच जेवणाच्या ताटातही शोधावी लागतात.

मुलचेऱ्याची बांधी

मुलचेरा हा गडचिरोली जिल्ह्यातला चामोर्शी आणि अहेरी या तालुक्यांच्या मधला तालुका. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा होण्यापूर्वी हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. जिल्ह्याचा बहुतेक भाग जंगलाने व्यापलेला आहे आणि जिथे शेती आहे तिथे धान आहे. गोंड आणि माडिया वस्त्यांच्या शेजारी येथे बंगाली गावेही आहेत. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांचे चंद्रपूरच्या या जंगलपट्ट्यात पुनर्वसन झाले. धान आणि मासे यांवर वाढलेल्या या माणसांना खेसारीची डाळ नवी नव्हती. तिकडची खेसारी आणि इकडची लाखोळी एकच.

धानाचा हंगाम संपला की या भागातल्या बहुतेक शेतांना दुसरे पाणी नसते. मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या (लहान तळी) यांचे पाणी बरेचदा धानालाच पुरते. उरते ती जमिनीतली ओल, आणि तिचा उपयोग करण्याची जुनी रीत म्हणजे उतेरा. कापणीला दोन-तीन आठवडे असताना बांधीतले पाणी काढून देतात आणि पाय थोडे रुततील अशा चिखलात, उभ्या धानात, लाखोळीचे बी फोकून देतात. धान विळ्याने कापले जाते तेव्हा धसकटांच्या मधून लाखोळीचे हिरवे कोंब वर आलेले असतात. त्यानंतर शेतकऱ्याने करायचे ते एवढेच : मोकाट ढोरांपासून राखण. थंडीत कोवळे शेंडे खुडून भाजी करतात, काही वाळवून ठेवतात. निळसर फुले येऊन शेंगा भरल्या की फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड उपटून मळणी होते. दाण्याची डाळ होते, डाळीचे वरण आणि वडे होतात, उरलेले कुटार जनावरांना जाते. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत साठवतात आणि त्याचा लाभ पुढच्या धानाला मिळतो.

लाखोळी साचलेले पाणीही सोसते आणि कोरड पडली तरी तग धरते. हरभरा ओल्या चिखलात कुजतो, लाखोळी उगवते. ज्या वर्षी बाकीची पिके बुडतात त्या वर्षीही तिचे थोडेफार हाती लागते. तिचा धोकाही याच गुणातून येतो.

विष कसे काम करते

दाण्यातल्या विषाचे नाव बीटा-ओडॅप. ते १९६४ साली ओळखले गेले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा यांनी ते वेगळे केले आणि त्याच सुमारास दिल्लीतल्या संशोधकांनीही ते शोधले. म्हणजे बंदीचा नियम आधी आला आणि विषाचे नाव तीन वर्षांनी कळले. बंदीला आधार होता तो शंभराहून अधिक वर्षे डोळ्यांसमोर असलेल्या लंगड्या माणसांचा.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यात निरोप पोचवणाऱ्या रसायनांपैकी ग्लुटामेट हे एक. ओडॅपची रचना त्याच्याशी मिळतीजुळती असल्याने ते पेशीवरच्या ग्लुटामेटच्या जागी जाऊन बसते आणि पेशीला सतत उत्तेजित ठेवते. पेशीतली ऊर्जानिर्मितीही बिघडते. पायांच्या हालचाली चालवणाऱ्या लांब चेतापेशी या ताणाला बळी पडतात, आणि एकदा मेलेली चेतापेशी परत येत नाही.

रोगाची सुरुवात पोटऱ्यांत गोळे येण्याने, कंबर दुखण्याने आणि पाय जड वाटण्याने होते. कधी कधी दिवसभर कष्ट करून झोपलेला माणूस सकाळी उठतो तो पाय ताठ झालेलेच असतात. पुढे टाच जमिनीला टेकेनाशी होते, गुडघे वाकतात आणि चालताना मांड्या कात्रीसारख्या एकमेकींवर येतात. डॉक्टर रोग्यांची वर्गवारी काठ्यांवरून करतात : काठीशिवाय चालणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटचा सरपटणारा. बुद्धी शाबूत राहते, स्पर्श कळतो, आयुष्यही फारसे घटत नाही. स्त्रियांपेक्षा पुरुषांना, आणि त्यातही तरुण कष्टकऱ्यांना, हा रोग जास्त होतो. रोग उलटवणारे औषध नाही. स्नायूंचा ताठरपणा थोडा सैल करता येतो, इतकेच.

हे सगळे दोन-चार वेळा लाखोळीचे वडे खाण्याने होत नाही. रोजच्या अन्नातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग तीन-चार महिने लाखोळीतूनच येत असेल, तेव्हा रोगाची शक्यता वाढते. बरोबर काय खाल्ले जाते, हेही तितकेच महत्त्वाचे. लाखोळीत मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले फार कमी असतात आणि शरीराला ओडॅपशी झुंजायला तीच लागतात. भात, ज्वारी, अंडी, मासे यांतून ती मिळतात. म्हणून भाताबरोबर वाटीभर लाखोळीचे वरण खाणारा आणि भात संपल्यामुळे लाखोळीच खाणारा, या दोघांनी एकाच बांधीतली डाळ खाल्ली तरी दोघांचा धोका सारखा नसतो.

आणखी एक दुर्दैवी मेळ आहे. कोरड्या वर्षी आणि जस्त कमी असलेल्या जमिनीत दाण्यातले ओडॅप वाढते. ज्या साली घरात दुसरे काही उरलेले नसते, त्याच साली लाखोळी नेहमीपेक्षा जास्त विषारी होते.

सागरपासून वाप्नियार्कापर्यंत

मध्य भारतातली या रोगाची सर्वांत प्रसिद्ध नोंद इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याची आहे. सागरच्या मुलखात १८२९ साली गव्हाचे पीक गारपिटीने गेले, पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला, त्याच्या पुढच्या वर्षी तांबेऱ्याने. गव्हाच्या जागी आपोआप उगवलेला तिवरा तेवढा टिकला आणि लोकांनी त्यावरच दिवस काढले. १८३३ पासून गावागावांतल्या तिशीच्या आतल्या माणसांचे कमरेखालचे अंग लुळे पडू लागले. हे वर्णन त्याच्या १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात आहे.

पुढच्या शतकात रीवा आणि सतना हे जिल्हे या रोगासाठी ओळखले गेले. तेथे कारण दरवेळी दुष्काळाचे नव्हते. सालदार आणि वेठबिगार मजुरांना मजुरी धान्यात मिळे आणि त्या धान्यात खेसारीचा भरणा असे. गहू जमीनमालकाच्या कोठीत आणि खेसारी मजुराच्या पदरात, अशी वाटणी ठरलेली असल्याने पीक चांगले आले तरी मजुराचे ताट बदलत नसे.

युरोपलाही हा रोग परका नाही. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६७१ मध्येच लाखोळीचे पीठ पावात घालायला मनाई केली होती. स्पॅनिश चित्रकार गोया याने युद्धाच्या भीषणतेवर केलेल्या चित्रमालिकेत माद्रिदच्या १८११-१२ च्या उपासमारीचे एक चित्र आहे. त्यात उपाशी माणसे याच डाळीच्या पिठाभोवती जमली आहेत. लॅथिरिझम हे नाव १८७३ मध्ये इटलीतल्या कान्तानी या डॉक्टराने दिले. दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातल्या वाप्नियार्का छावणीत ज्यू कैद्यांना रोज ४०० ग्रॅम लाखोळी आणि थोडा बार्लीचा पाव दिला गेला, आणि १९४३ च्या सुरुवातीला शेकडो कैदी लुळे पडले. कैद्यांमध्येच असलेल्या डॉ. आर्थर केस्लर यांनी कारण ओळखले. इथिओपियात १९९० च्या दशकातही दुष्काळामागून या रोगाची साथ आली.

लाखोळीचा एक जवळचा सोबती आफ्रिकेत आहे. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तो कॅसाव्हा तिथे कोट्यवधी लोकांचे रोजचे अन्न आहे. त्याच्या कडू जातींत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते आणि कंद पुरेसा भिजवून, वाळवून ते काढावे लागते. दुष्काळात ही प्रक्रिया घाईत उरकली जाते, सोबतीला प्रथिनेही नसतात आणि कोन्झो नावाचा पायांचा लकवा होतो. त्याचे वर्णन १९३८ मध्ये काँगोतून झाले आणि १९८१ च्या दुष्काळात मोझांबिकमध्ये त्याची मोठी साथ आली. दोन्ही पिके अवर्षण सोसणारी, दोन्ही गरिबांची, आणि दोन्ही रोगांत गंधकयुक्त अमिनो आम्लांची तूट.

बंदी आणि बाजार

१९६१ चा नियम अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली झाला. त्याने खेसारी आणि तिच्यापासून केलेल्या पदार्थांच्या विक्रीला मनाई केली, पण अंमलबजावणी राज्यांवर सोडली. मध्य प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगाल या मोठ्या उत्पादक राज्यांत ती झाली नाही. महाराष्ट्रातही पीक थांबले नाही. विक्री निषिद्ध ठरल्यावर मालाला उघड बाजार उरला नाही, हमीभाव तर नव्हताच. शेतकऱ्याकडून स्वस्तात उचललेली डाळ तूर आणि हरभऱ्याच्या डाळीत आणि बेसनात मिसळली जाऊ लागली. ज्यांच्या रक्षणासाठी बंदी होती ते घरची लाखोळी खातच राहिले आणि शहरातले ग्राहक नकळत भेसळ खाऊ लागले.

बंदी उठवावी, ही मागणी सर्वांत चिकाटीने नागपुरातून झाली. अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट या संस्थेचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी त्यासाठी अनेक वर्षे आंदोलने आणि उपोषणे केली. पूर्व विदर्भातले लोक पिढ्यान्‌पिढ्या लाखोळी खात असूनही लंगडे झालेले नाहीत, हा त्यांचा मुख्य मुद्दा. विरोधकांचे म्हणणे असे की हे भाताच्या सोबतीने घडते आणि बंदी उठली की लाखोळी पुन्हा गरिबाच्या ताटातले मुख्य अन्न होऊ शकते. खरे तर दोन्ही बाजू एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. लाखोळी किती खाल्ली, किती दिवस खाल्ली आणि कशाबरोबर खाल्ली, यावरच निकाल ठरतो.

२०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही विक्रीची मनाई कायम ठेवली गेली. जानेवारी २०१६ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने रतन, प्रतीक आणि महातिवरा या तीन वाणांना परवानगी देण्याची शिफारस केल्याची बातमी आली आणि वाद पुन्हा पेटला.

नवे बी, जुनी बांधी

पारंपरिक वाणांत ओडॅपचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असू शकते. या तीन वाणांत ते ०.१ टक्क्याहून कमी आहे. रतन हा वाण नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ऊतीसंवर्धनातून तयार केला आणि १९९७ मध्ये तो प्रसारित झाला. प्रतीक आणि महातिवरा रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाचे. सीरियात सुरू झालेल्या इकार्डा या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही इथिओपिया आणि बांगलादेशासाठी कमी विषाच्या लाखोळीवर काम केले आहे. पाऊस लहरी होत चालला असताना पूर आणि अवर्षण दोन्ही सोसणारे कडधान्य जगाला हवे आहे.

अडचण बांधीत आहे. लाखोळीच्या फुलांवर मधमाश्या येतात आणि शेजारच्या जुन्या वाणाचा पराग नव्यात मिसळतो. घरचेच बी वर्षानुवर्षे पेरले की वाणाचा शुद्धपणा कमी होतो, आणि दाण्याकडे पाहून त्यातले विष कमी की जास्त हे कुणालाही सांगता येत नाही. त्यामुळे कमी विषाचे बी एकदा वाटून भागत नाही. ते ठरावीक वर्षांनी बदलावे लागते आणि शक्यतो साऱ्या शिवारात एकच वाण असावा लागतो.

बाजारातली भेसळ मात्र ओळखता येते. लाखोळीचा दाणा गोल नसतो. एका बाजूने उतरता आणि दुसरीकडून चौकोनी, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा असतो. तुरीच्या डाळीत असे कोन असलेले तुकडे दिसले की शंका घ्यावी. प्रयोगशाळेत डाळीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ती मंद उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटे ठेवतात. गुलाबी रंग आला तर खेसारी असल्याची शक्यता असते. मेटॅनिल येलो हा बंदी असलेला रंगही असाच गुलाबी होत असल्याने पुढची तपासणी लागते.

घरात खाण्याच्या लाखोळीतले ओडॅप बऱ्याच प्रमाणात कमी करता येते, कारण ते पाण्यात विरघळते. डाळ भरपूर गरम पाण्यात तास-दोन तास भिजवून ते पाणी फेकायचे, आणि पुन्हा भरपूर पाण्यात शिजवून तेही ओतून द्यायचे. त्याच पाण्याचे वरण केले तर विषाचा बराचसा भाग ताटातच येतो. पाणी फेकताना काही ब जीवनसत्त्वेही जातात, म्हणून सोबतीला पालेभाजी हवी.

पूर्व विदर्भात हा रोग आता क्वचित दिसतो. त्यामागे मोठा वाटा धान्याच्या उपलब्धतेचा आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला ५ किलो धान्याचा हक्क दिला. भात घरात असेपर्यंत लाखोळी तोंडी लावण्यापुरती राहते. मात्र रेशनवर डाळ नियमित मिळत नाही आणि तूर महाग झाली की बांधीतल्या लाखोळीचे ताटातले प्रमाण वाढते. म्हणून मुलचेऱ्यासारख्या तालुक्यात या रोगाचा प्रतिबंध चार गोष्टींवर उभा आहे : कमी विषाचे बी नियमित मिळणे, डाळीचे पाणी फेकण्याची सवय, रेशनचा तांदूळ न चुकता पोचणे आणि सोबतीला दुसरी डाळ, अंडे किंवा मासा असणे. यांपैकी तांदळाची सोय झाली आहे. बाकीच्या तिन्ही अजून ज्याच्या त्याच्या ऐपतीवर आणि माहितीवर अवलंबून आहेत.