जप्त जर्मन विमाने आणि ड्रेस्डेन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

महायुद्धानंतर जर्मन विमानांचे काय झाले, याविषयी दोन टोकांच्या समजुती आहेत. एक म्हणजे सगळी भंगारात गेली. दुसरी म्हणजे विजेत्यांनी ती उचलून नेली आणि त्यांच्या हुबेहूब नकला काढल्या. बहुसंख्य विमाने भंगारात गेली, हे खरे. अभ्यासासाठी निवडली गेली ती मोजकीच. अमेरिकेने जुलै १९४५ मध्ये ब्रिटिश विमानवाहू जहाज ‘रीपर’मधून अशी सुमारे ४० विमाने शेरबुर्ग बंदरातून नेली. काही जातींचे उत्पादन तर युद्धानंतरही चालू राहिले. चेकोस्लोव्हाकियात मेसरश्मिट १०९ हे ‘आव्हिया एस-१९९’ या नावाने बनत होते आणि १९४८ च्या युद्धात इस्रायलने हीच विमाने वापरली.

सोव्हिएत मिग-१५ ही जर्मन आराखड्याची नक्कल होती, हा समज टिकत नाही. तिचे इंजिन रोल्स-रॉइसच्या ‘नीन’वरून घेतलेले, म्हणजे मूळचे ब्रिटिश. त्याआधीच्या मिग-९ मध्ये मात्र बीएमडब्ल्यू ००३ ची सोव्हिएत आवृत्ती होती.

मोठा गैरसमज असा की जेत्यांना हवी होती ती फक्त विमाने. खरी मोलाची लूट होती माणसांच्या डोक्यातली, आणि ड्रेस्डेनचा इतिहास त्याची साक्ष देतो. त्या इतिहासाची सुरुवात होते युंकर्सच्या एका विमानापासून. पुढे झुकलेल्या पंखांचे जेट बॉम्बफेकी विमान युंकर्स २८७ हे ऑगस्ट १९४४ मध्ये लाइपझिगजवळच्या ब्रांडिसला पहिल्यांदा उडाले. त्याच्या पहिल्या नमुन्याचे धड हाइन्केल १७७ चे होते आणि पुढची चाके पाडलेल्या अमेरिकी लिबरेटरची. अर्धवट राहिलेल्या पुढच्या नमुन्यांचे भाग वापरून सोव्हिएत अंमलाखाली देसाऊमध्ये ईएफ १३१ तयार झाले. २२ ऑक्टोबर १९४६ रोजी हजारो जर्मन तंत्रज्ञांना कुटुंबांसह सोव्हिएत संघात हलवले गेले. त्यांच्या संमतीचा प्रश्नच नव्हता. त्यांपैकी युंकर्सचे अभियंते ब्रुनोल्फ बाडे आणि त्यांचे सहकारी व्होल्गाकाठच्या पोदबेरेझ्येला पोहोचले. ईएफ १३१ मे १९४७ मध्ये मॉस्कोजवळ उडाले. पुढे याच मंडळींनी ‘१५०’ हे बॉम्बफेकी विमान आखले. त्याचे उत्पादन कधीच झाले नाही.

१९५४ मध्ये बाडे पूर्व जर्मनीत परतले. ड्रेस्डेनच्या क्लोट्शे भागात सरकारी विमान कारखाना उभा राहिला. आधी परवान्यावर ८० इल्यूशिन-१४ बनवली गेली आणि त्यासोबतच ‘१५२’ हे जर्मनीचे पहिले जेट प्रवासी विमान आकाराला येऊ लागले. हे म्हणजे बॉम्बफेकी विमानाला बसवलेल्या खुर्च्या, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. पहिल्या नमुन्याचे काचेचे नाक आणि धडाखाली एकामागे एक असलेली चाके सरळ ‘१५०’ वरून आली होती. पुढच्या नमुन्यांत मात्र दोन्ही बदलले. चाके इंजिनांच्या आवरणात गेली. शेजारच्या पिर्ना गावी त्यासाठी खास इंजिनही विकसित झाले.

पहिला नमुना ४ डिसेंबर १९५८ रोजी उडाला. ४ मार्च १९५९ च्या दुसऱ्याच उड्डाणात तो ओटेनडोर्फ-ओक्रिलाजवळ कोसळला आणि चौघे कर्मचारी दगावले. या अपघातानेच प्रकल्प संपला, असे सर्रास लिहिले जाते, पण तसे झाले नाही. काम दोन वर्षे चालू राहिले. ऑगस्ट आणि सप्टेंबर १९६० मध्ये आणखी एक नमुना पिर्नाची इंजिने घेऊन उडाला. प्रकल्प बुडाला तो गिऱ्हाइकाअभावी. ज्या सोव्हिएत संघाच्या भरवशावर सारे चालले होते, त्याच्याकडे स्वतःची तुपोलेव्ह जेट विमाने होती, आणि एवढा खर्च एकट्याने पेलणे छोट्या पूर्व जर्मनीला शक्य नव्हते. १९६१ च्या सुरुवातीला सरकारने विमानबांधणीच थांबवली.

तयार होत आलेली ‘१५२’ विमाने मोडण्यात आली, पण सगळी नव्हे. एक धड रोथेनबुर्गच्या लष्करी विमानतळावर पडून राहिले. जर्मन एकीकरणानंतर ते ड्रेस्डेनला आणून दुरुस्त करण्यात आले. क्लोट्शेच्या त्याच परिसरात आज एल्बे फ्लुगत्सॉयगवेर्के ही कंपनी एअरबसच्या प्रवासी विमानांचे मालवाहू विमानांत रूपांतर करते.