हिरव्या ठिपक्याखालची ओळ

जैन घरातील गृहिणी दुकानात पाकीट उचलते, तेव्हा आधी हिरवा ठिपका पाहते आणि मग घटकांची यादी. कांदा-लसूण, बटाट्याचा स्टार्च, जिलेटिन यांपैकी काही आढळले की पाकीट परत फळीवर जाते. लेबल वाचण्याची ही सवय जैन घरांत जुनी आहे. पेयांच्या बाबतीत मात्र ती अर्ध्यावरच थांबते. तेथे वर्ज्य असे काही दिसत नाही आणि साखरेच्या ओळीपर्यंत नजर पोहोचतच नाही.

त्या ओळीतही एक मेख आहे. आकडा बहुधा शंभर मिलिलीटरचा असतो आणि पिणारा संपवतो अख्खी बाटली. नेहमीच्या कोला पेयात शंभर मिलिलीटरला सुमारे १०.६ ग्रॅम साखर असते. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम, पाच चहाचे चमचे. मोठ्या माणसाने दिवसभरातील वरची साखर साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, हे उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते.

साखर लपते ती मुख्यतः नावात. एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका यांनी बोर्नव्हिटातील साखरेवर चित्रफीत केली. कंपनीच्या कायदेशीर नोटिशीनंतर त्यांनी ती मागे घेतली. पण त्याच वर्षाअखेर शंभर ग्रॅममागील अतिरिक्त साखर ३७.४ वरून ३२.२ ग्रॅमवर आली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढण्यास सांगितले.

‘ओआरएस’चे प्रकरण याहून गंभीर. जुलाबाने गळालेल्या रुग्णासाठीच्या खऱ्या द्रावणात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. तेच नाव मिरवणाऱ्या गोड पेयांत साखर त्याच्या कितीतरी पट होती, आणि जुलाब असताना जास्त साखर आतड्यात आणखी पाणी ओढते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर हे नाव छापण्यास मनाई केली.

हा विषय येथे केवळ गृहिणीचा राहत नाही. भोसरी, चिंचवड, चाकण, महाळुंगे या पट्ट्यातील कितीतरी किराणा दुकाने जैन कुटुंबांची आहेत. पाळी सुटली की उन्हातून आलेला कामगार थेट फ्रिजपाशी येतो. आजारी मुलाची आई विचारते, “शेठ, याला काय देऊ?” परगावाहून पोटासाठी आलेल्या त्या माणसांना येथे ओळखीचा डॉक्टर नसतो, असतो तो शेठ. त्या क्षणी जाहिरातीपेक्षा त्याच्या शब्दाला वजन असते.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोट्या मापाबरोबर ‘प्रतिरूपकव्यवहार’ही सांगितला आहे: अस्सलासारखे दिसणारे नक्कल देऊन विकणे. बाटलीवरचे नाव दुकानदार छापत नाही, हे खरे. परंतु हातात तोच देतो. ओआरएस मागणाऱ्याला कागदी पाकीट द्यायचे की गोड बाटली, एवढा निर्णय त्याच्याच गल्ल्यावर होतो. बाटलीत नफा अधिक असेल, तर तो निर्णय सोपा नाही.

वर्षीतपाच्या पारण्याला उसाचा रस घेतात, तोही गोडच. पण तो ऊस म्हणूनच दिला जातो.

काही दुकानदारांना ताकाची पिशवी आणि लिंबू फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, डोळ्यांसमोर ठेवता येईल. फ्रिज पेय कंपनीने दिलेला असेल, तर कप्प्यांबाबतचा करार मात्र आधी वाचावा लागेल.